चालीला साडेचार सेकंद

पुणे-नाशिक रस्त्याने बुद्धिबळाला बरंच दिलं. पुण्याच्या टोकाला अभिजित कुंटे २००० साली ग्रँडमास्टर झाले, नाशिकच्या टोकाला विदित गुजराथी २०१३ साली. नारायणगाव मागे टाकून आळेफाट्याकडे निघालं की चाळकवाडीचा टोलनाका लागतो, तिथलंच पिंपळवंडी. पिंपळवंडीत आमचे नाना राहतात. नाना ग्रँडमास्टर झाले नाहीत. त्यांचं म्हणणं असं, की रस्ता एकच आहे, पण लांब पल्ल्याच्या गाड्या मध्ये थांबत नाहीत.

नाना म्हणजे एकच एक माणूस असं समजू नका. असे नाना आता तालुक्याला चार-दोन तरी निघतील. साठी जवळ आलेली किंवा ओलांडलेली, नोकरी संपलेली, शेती चालू, पटावर खरोखरच तयार, आणि रात्री मोबाइलवर जगाच्या दुसऱ्या टोकाच्या कुठल्यातरी शाळकरी पोराकडून मार खाणारे. नवशिका हरला तर त्यात सांगण्यासारखं काही नसतं. चांगला खेळणारा माणूस चांगलं खेळून हरतो, तेव्हा त्याचा नाना होतो.

आणि नाना चांगले खेळतात, याबद्दल वाद नको. फिडेचं मानांकन एकोणीसशेच्या घरात. हायस्कूलात गणित शिकवता शिकवता, मे महिन्याच्या सुट्टीत पिशवी उचलून सांगलीला जायचे, नूतन बुद्धिबळ मंडळाच्या स्पर्धांना. भाऊसाहेब पडसलगीकरांनी बुद्धिबळात उभं केलेलं ते गाव. तिथे डाव म्हणजे चार-पाच तासांची बैठक. एका चालीवर आपण चाळीस मिनिटं विचार केला होता, ही आठवण नाना अजूनही सांगतात. चाल कोणती होती ते विसरले. चाळीस मिनिटं लक्षात आहेत.

मग २०२० चा लॉकडाऊन आला. स्पर्धा बंद, पार बंद. विदितसारखा ग्रँडमास्टर विनोदी कलाकारांना घेऊन ऑनलाइन डाव खेळायला लागला आणि घराघरांतली पोरं मोबाइलवर बुद्धिबळ बघायला लागली. पुतण्याच्या पोराने, ज्याला घरात बारक्या म्हणतात, नानांच्या मोबाइलवर अ‍ॅप टाकून दिलं आणि वर सांगितलं, "नाना, तीन मिनिटांचा ब्लिट्झ लावा. मजा येते."

मजा कुणाला येते, ते सांगायचं राहिलं.

तीन मिनिटं म्हणजे १८० सेकंद. चाळीस चालींचा डाव धरला तर चालीला साडेचार सेकंद. हे गणित नानांनी पहिल्याच दिवशी मांडलं, वहीत लिहिलं, खाली रेघ मारली, आणि मग चौदाव्या चालीवर ४१ सेकंद खर्च केले. तो डाव मी शेजारी बसून पाहिला आहे. डी फाइल मोकळी झाली होती. नानांचे दोन्ही हत्ती मागच्या ओळीत, एक कोपऱ्यात आणि एक राजाशेजारी. एकाने डी फाइलवर यायचं, एवढंच. पण कोणत्या? कोपऱ्यातला आणावा तर त्या बाजूचं टोकाचं प्यादं उघडं पडतं. राजाशेजारचा आणावा तर पुढे एफचं प्यादं रेटायची वेळ आली की त्याच्या मागे कोण उभं राहणार? नानांचं बोट एका हत्तीवर जायचं, हवेतच थांबायचं, दुसऱ्याकडे वळायचं. समोर ब्राझीलचा झेंडा होता. शेवटी नानांनी कोपऱ्यातला हत्ती आणला. ब्राझीलने एका सेकंदात काहीतरी प्यादं ढकललं. नानांच्या मते ती चाल अडाणीपणाची होती. ती अडाणी का आहे हे शोधण्यात आणखी २६ सेकंद गेले.

पस्तिसाव्या चालीला नाना एका हत्तीने पुढे होते आणि घड्याळात शून्य होतं.

डाव संपल्यावर बारक्याने तो स्टॉकफिशला दाखवला. संगणकाच्या मते दोन्ही हत्ती सारखेच. याने आणला तरी ०.३, त्याने आणला तरी ०.३. नाना बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे माझा गोंधळ बरोबर होता." बारक्या म्हणाला, "नाना, एक्केचाळीस सेकंदात मी अख्खा डाव हरून दुसरा सुरू केला असता."

नानांच्या खेळाचं सगळं दुखणं या एका वाक्यात आलं, पण ते नानांना पटवणार कोण? त्यांच्या हिशेबी चाल दोनच प्रकारची: सर्वांत चांगली, आणि बाकीच्या. बरी चाल, चालून जाईल अशी चाल, हा प्रकार त्यांच्या शाळेत कधी शिकवलाच गेला नाही. गणिताचे मास्तर. उत्तर बरोबर, पद्धत चूक, तरी अर्धे गुण कापणारे. आता तोच हिशेब त्यांच्यावर उलटा बसला: पद्धत बरोबर, उत्तरही बरोबर, पेपर घेऊन गेले.

हरल्यावर नाना शिव्या देतात. शिव्या सभ्य असतात, पण आवाज मोठा. एकदा आतून नानी म्हणाल्या, "अहो, कुणाला बोलताय एवढं?"

"ब्राझीलवाल्याला."

"त्याला ऐकू जातं का?"

"नाही."

"मग हळू बोला."

देवळाच्या पारावर एक म्हातारे बसतात, जुन्या देशी पद्धतीने खेळणारे. त्यांच्या खेळात समोरच्याचा एकटा राजा उरला की बुर्जी, म्हणजे जिंकता जिंकता डाव निसटला. आणि मात द्यायची तर प्याद्याने, त्यात खरी शान. एकेक डाव दोन-दोन संध्याकाळी चालायचा. नानांचा सांगलीचा पाच तासांचा डावही त्यांना घाईचाच वाटत आला. त्यांनी नानांना विचारलं, "हत्ती जास्त होता म्हणतोस, मग हरलास कसा?"

"वेळ संपली."

"कुणाची?"

"घड्याळाची."

"मग घड्याळ हरलं. तू कशाला तोंड पाडून बसलास?"

नानांना आयुष्यात मिळालेला हा सर्वांत समाधानकारक पंचनामा. तो त्यांनी गावभर सांगितला. मानांकनात मात्र त्याचा काही उपयोग झाला नाही.

त्यानंतरचा काळ नेटचा. हरलं की नेट. पिंपळवंडीत नेट बरं असतं, पण नानांना कारण जवळच सापडलं. खोडदला ती प्रचंड रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना, काही एकत्र आणि काही आसपासच्या शिवारात पसरलेल्या. त्या आकाशातून येणाऱ्या अतिशय क्षीण लहरी ऐकतात. नानांचा सिद्धांत असा, की त्या आपलीही चाल मध्येच ऐकून घेतात. बारक्या शाळेच्या सहलीत खोडद बघून आलेला. तो म्हणाला, "नाना, ती माणसं अब्जावधी वर्षांपूर्वी निघालेल्या लहरी ऐकत बसलीत. तुमचा घोडा कशाला अडवतील?"

"अरे, पण नेटने देशाचं सुवर्ण अर्धं केलं होतं!" नाना म्हणाले. आणि हे मात्र खरं आहे. ३० ऑगस्ट २०२० ला पहिल्या ऑनलाइन ऑलिंपियाडचा अंतिम सामना भारत विरुद्ध रशिया. कर्णधार विदित. दुसऱ्या फेरीत निहाल सरीन आणि आपल्या नागपूरच्या दिव्या देशमुखचं कनेक्शन तुटलं आणि घड्याळं संपली. त्या दिवशी जगात बऱ्याच ठिकाणी इंटरनेटचा घोळ झाला होता. भारताने तक्रार केली आणि फिडेने शेवटी दोन्ही देशांना सुवर्णपदक दिलं. नानांची तक्रार एवढीच, की ब्राझीलबरोबर आपल्यालाही संयुक्त विजेता घोषित करायला काय हरकत होती? अ‍ॅपवर तसं बटण नाही.

नानांचा दुसरा पुरावा २०२४ चा. टोरांटोच्या कँडिडेट्समध्ये विदितने हिकारू नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं. नाकामुरा म्हणजे या झटपट खेळातला बादशहा. "बघ," नाना म्हणायचे, "विचार करायला वेळ दिला की बादशहासुद्धा सापडतो." बारक्याने दुसरं टोक धरलं. जुलै २०२५ मध्ये बातुमीच्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत दिव्या आणि कोनेरू हंपी यांचे दोन्ही संथ, म्हणजे क्लासिकल, डाव बरोबरीत सुटले. निकाल लागला तो जलद डावांत. समोर हंपी, म्हणजे त्या वेळची रॅपिडची विश्वविजेती. दिव्या तिथे जिंकली आणि तिथेच ग्रँडमास्टरही झाली.

"रॅपिड म्हणजे ब्लिट्झ नव्हे," नाना म्हणाले. पण आवाज जरा खाली आला होता. त्या रात्री त्यांनी नवी वही काढली. पहिल्या पानावर लिहिलं: सुधारणा.

सुधारणेचा मुख्य सल्लागार बारक्याच. त्याचं मानांकन नानांपेक्षा कमी, पण सल्ला द्यायला मानांकन लागत नाही. त्याचा पहिला हुकूम: ओपनिंग बदला. नाना काळ्याकडून सिसिलियन नाजदॉर्फ खेळायचे, पांढऱ्याकडून त्याहून किचकट काहीतरी. दहाव्या चालीला डाव असा पेटलेला असायचा की प्रत्येक चाल हिशेब मागायची. बारक्या म्हणाला, पांढऱ्याकडून लंडन खेळा, काळ्याकडून कॅरो-कान. पहिल्या आठ चाली डोळे झाकून, घड्याळ जागच्या जागी. नानांना लंडन म्हणजे रोजचं पिठलं-भाकरी वाटलं. पण त्यांनी खाल्लं. आणि गंमत म्हणजे मानवलं. ज्या जागी पूर्वी त्यांच्याकडे दीड मिनिट उरायचं, तिथे आता अडीच उरायला लागलं. पुढे त्या अडीच मिनिटांचं काय करायचं हे त्यांना सुचेना, म्हणून ते परत विचार करायला लागले, हा भाग वेगळा.

दुसरा हुकूम: लागोपाठ दोन डाव हरलात की मोबाइल बंद. हा नियम वहीत लाल शाईने आहे. नाना तो कधीच मोडत नाहीत. फक्त डाव हरला की नाही यावर चर्चा करतात. वेळेवर गेलेला डाव हरलेला नव्हे. चुकून बोट लागून गेलेला वजीर, तोही नव्हे. नेटवर गेलेला तर मुळीच नव्हे. या पद्धतीने मोजलं तर नाना गेल्या दिवाळीपासून हरलेले नाहीत, आणि रात्री दीडला नानी उठून बघतात तेव्हा नियमाप्रमाणे पहिलाच पराभव अजून व्हायचा असतो.

तिसरी गोष्ट प्रीमूव्ह. समोरच्याने चाल करायच्या आधीच आपली चाल लावून ठेवायची. त्याची झाली की आपली आपोआप, घड्याळातून जवळपास काहीच न जाता. नानांना ही कल्पना आधी अनीतीची वाटली. समोरचा काय बोलतो ते न ऐकताच उत्तर द्यायचं? मग त्यांनी एकदा वापरून पाहिली आणि त्यांना तिची चटक लागली. तो माझा घोडा मारणार, मी प्याद्याने तो मारणार, लावून ठेवली. त्याने घोडा मारलाच नाही. उंटाने राजाला शह दिला, प्रीमूव्ह रद्द झाली, आणि नाना तीन सेकंद "आपली चाल झालीय" या समाधानात बसून राहिले. दुसऱ्या वेळी रद्द होण्याचंही भाग्य लाभलं नाही. वजीर लावलेल्या घरात इमानाने गेला आणि प्याद्याने मारला गेला.

मग बारक्याने तोडगा काढला: तीन मिनिटं अधिक दोन सेकंद. प्रत्येक चालीला दोन सेकंद परत मिळतात. हे डोकं बॉबी फिशरचं. असं घड्याळ त्याने पेटंट करून घेतलं आणि १९९२ च्या स्पास्कीबरोबरच्या सामन्यात वापरलंही. नानांना फिशर पहिल्यापासून आवडायचा, आता देवासारखा वाटला. जिंकलेला डाव खरंच जिंकता येऊ लागला. हत्ती आणि राजा विरुद्ध राजा, चालीला दोन सेकंद, टुकूटुकू मात. मानांकन चढायला लागलं.

आणि इथे गणिताचा मास्तर स्वतःच्याच हाताने फसला. आर्पाद एलो नावाच्या हंगेरीत जन्मलेल्या अमेरिकन प्राध्यापकाने बसवलेलं हे मानांकनाचं शास्त्र. दोनशे गुणांनी वरचढ असाल तर शंभर डावांत साधारण ७६ गुण तुमचे; बरोबरीचे असाल तर ५०. आता अ‍ॅप जोडी लावतं ती बरोबरीचीच. म्हणजे नाना सुधारले की समोर सुधारलेलाच माणूस येणार, आणि शंभरातले पन्नास गुण जाणार ते जाणारच. नानांनी हे एका रात्री फळ्यावर मांडल्यासारखं मला मांडून दाखवलं. "म्हणजे मी कितीही चांगला खेळलो तरी निम्मे डाव हरण्याची हमी आहे," ते म्हणाले. मी म्हटलं, मग खेळता कशाला? नाना माझ्याकडे असे बघायला लागले की जणू वर्गात मीच एकटा नापास झालो होतो. "आता जो हरवतो तो माझ्या लायकीचा असतो," ते म्हणाले.

रात्रीची थ्री फेज असली की डाव मोटारीजवळ चालतो. आमच्याकडे रात्री भरणं म्हणजे बिबट्याचं सावट. माणसं दोघं-तिघं मिळून जातात, बॅटरी मारत, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावून. नानांच्या मोबाइलमधून नुसतं टक टक येतं आणि वेळ संपत आली की एक केविलवाणा इशारा. त्या आवाजाला बिबट्या घाबरेल असं कुणालाच वाटत नाही, म्हणून नानी पुतण्याला बरोबर धाडतात. एकदा कांद्याचे वाफे भरत होते. पुतण्या वरच्या अंगाला, नाना खालच्या दाराशी. वाफा भरला, फुटला, पाणी बांध ओलांडून शेजाऱ्याच्या गव्हात शिरलं. शेजारी अंधारातून ओरडला, "नाना, पाणी!"

"तीस सेकंद!" नाना ओरडले.

शेजारी बिचारा थांबला. तीस सेकंदांनी परत ओरडला. "बत्तीस!" नाना म्हणाले. प्रत्येक चालीला दोन सेकंद वाढत होते. गहू भरून निघाला. नानांनी तो डाव जिंकला, आणि भिजलेल्या चपलेने येऊन शेजाऱ्याला शेवटची मात समजावून सांगितली. शेजारी अजून बोलतो, पण बुद्धिबळ सोडून.

आता कांद्याकडे वळायला हवं, कारण नानांचा खरा खेळ तिथे कळतो. कांदा बराखीत टाकला की नाना भावाची वाट बघतात. आळेफाट्याच्या बाजारात भाव दहा किलोवर बोलला जातो. अडीचशे झाला, नाना म्हणाले तीनशे होईल. तीनशे झाला, म्हणाले साडेतीनशे. साडेतीनशेला सगळ्या गावाने बराखी रिकाम्या केल्या, तेव्हा नाना वहीत आलेख काढत होते. त्या वर्षी त्यांच्या कांद्याला कोंब आले आणि एक नंबर गोळ्याचा बदला, म्हणजे हलक्या प्रतीचा माल, झाला. सर्वांत चांगल्या भावाच्या शोधात चांगला भाव हातचा गेला. ब्राझीलवाल्याने जे दाखवलं तेच आळेफाट्याने आधी दाखवलं होतं. फक्त तिथे डाव परत बघायची सोय नव्हती.

पण ब्लिट्झने नाना बदलले. हे नानीही मान्य करतात, कौतुकाने नाही. बारक्याचा मंत्र, "बरी चाल, लगेच," हळूहळू पटावरून घरात उतरला. किराणा आणायला गेले की पहिली दिसेल ती डाळ. लग्नाचं आमंत्रण आलं की वाचायच्या आधी "येतो". डॉक्टरांनी "गोळ्या सकाळी घ्या" म्हणण्याआधीच नाना "हो" म्हणाले, आणि आठवडाभर संध्याकाळी घेतल्या. मानांकन मात्र सहा महिन्यांत दीडशेने वाढलं होतं, त्यामुळे बोलायची सोय नव्हती.

त्या हंगामात नाना स्वतः गाडीबरोबर आळेफाट्याला गेले. आडतदार त्यांना चांगला ओळखत होता. तीनदा बोली फेटाळून माल परत नेणारा शेतकरी म्हणून. त्याने आधीच एक चहा सांगून ठेवला. लिलाव नानांच्या मालापाशी आला. गोणी फोडली, गोळा बघितला, रंग चांगला होता. व्यापाऱ्याने दोनशे दहा म्हटलं. दुसऱ्याने दोनशे वीस म्हणायला तोंड उघडलं.

"दिला!" नाना म्हणाले.

क्षणभर सगळा घोळका थांबला. दोनशे वीसवाल्याचं तोंड उघडंच राहिलं. आडतदाराने नानांच्या कपाळाला हात लावून पाहिला. तोवर लिलाव पुढच्या ढिगावर गेला होता, आणि चहा यायचाच होता.

घरी आल्यावर नाना खुशीत. "साडेचार सेकंदांच्या आत," ते म्हणाले.

"बोली अजून चालू होती ना?" नानींनी विचारलं. त्यांच्यापर्यंत बातमी गाडीच्या आधी पोचली होती.

"होती. पण प्रीमूव्ह होती."

"ती काय असते?"

नानांनी समजावलं. समोरच्याने चाल करायच्या आधीच आपली ठरवून ठेवायची.

"आणि त्याने वेगळंच काही केलं तर?"

एवढी वर्षं पटावर बसलेल्या माणसाला हा प्रश्न घरातून येईल असं वाटलं नव्हतं. नाना वहीची पानं चाळू लागले.

पुढच्या गाडीबरोबर नानी गेल्या. सकाळी डबा घेऊन, शेजाऱ्याच्या पिकअपमध्ये पुढच्या सीटवर. (शेजारी नानींशी बोलतो.) त्यांनी पहिली बोली ऐकली आणि मान हलवली. दुसरी ऐकली, आडतदाराला बाजूला घेतलं, गोणी पुन्हा फोडायला लावली, हातातला कांदा व्यापाऱ्याच्या नाकासमोर धरला. मग काही न बोलता उभ्या राहिल्या. दुपारनंतर परत आल्या तेव्हा दहा किलोमागे पन्नास रुपये जास्त होते.

त्यांनी पट्टी नानांपुढे ठेवली. नानांनी डाव अर्ध्यावर सोडून ती हातात घेतली. वजन वाचलं, हमाली-तोलाई वाचली, भावावर बोट ठेवून दोनदा वाचला.

"वेळ किती लागला?"

"नऊला गेले, अडीच वाजले निघायला."

"साडेपाच तास," नाना म्हणाले. "म्हणजे क्लासिकल." आणि पुन्हा मोबाइल उचलला.